फ्रीझरची खंडेनवमी

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला होता, ‘संशोधनातला आनंद’. मी त्यांना फोनवर सांगितलं, आनंदाचं लिहायचं तर अर्धं पान पुरेल, उरलेल्या जागेत तुम्ही मसाल्याची जाहिरात छापा. ते हसले आणि म्हणाले, ‘बाई, मग जे आठवतं ते लिहा.’ म्हणून लिहिते आहे. वाचून झाल्यावर त्यांनी तक्रार करू नये.

मी सांगली-सातारा पट्ट्यातल्या एका खासगी संस्थेच्या संशोधन केंद्रात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. संस्थेचं नाव लिहीत नाही. मूळची मी आष्ट्याजवळच्या एका खेड्यातली, जैन शेतकऱ्याची मुलगी. घरी ऊस आणि हळद. निवृत्तीनंतर गावी गेले तेव्हा बसस्टँडवरच एका काकांनी विचारलं, ‘येवढी वर्षं हुतीस तिथं, मग शोध कसला लावलास?’ मी म्हटलं, ‘कसलाच नाही.’ ते म्हणाले, ‘मग बरं सोडलं तुला.’ मला राग आला नाही. आमच्या संचालकांचं मतही फारसं वेगळं नव्हतं.

काम काय होतं ते आधी सांगते. आपल्या शरीरातली बहुतेक कामं प्रथिनं करतात. डाळीतली आणि दुधातली प्रथिनं आपण खातो म्हणून ऐकून असतो, पण प्रत्येक पेशीच्या आत त्यांचे हजारो प्रकार राबत असतात. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. तिची घडी ठरल्याप्रमाणे बसली तरच ती कामाची. ताप आला, विष गेलं, प्राणवायू कमी पडला, किंवा नुसतं म्हातारपण आलं, की ही घडी विस्कटते आणि विस्कटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. अंडं उकडलं की आतलं पांढरं घट्ट होतं, ते हेच. मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही, पण वर्गात दाखला अंड्याचाच द्यायचे, कारण नासलेल्या दुधाचा दिला की मुलं पनीरवर घसरायची.

पेशीनं यावर बंदोबस्त करून ठेवलेला असतो. ताण आला की काही मदतनीस प्रथिनं भराभर तयार होतात. ती विस्कटलेल्यांना धरून ठेवतात, परत घडी घालून देतात, आणि अगदीच नाही जमलं तर मोडीत काढायला पाठवतात. आम्ही त्यांना ताण-प्रथिनं म्हणायचो. माझं रोजचं काम म्हणजे बशीत वाढवलेल्या पेशींना बेचाळीस अंशांवर थोडा वेळ चटका द्यायचा आणि कोण मदतीला येतं ते बघायचं. एकदा हलका चटका सोसलेल्या पेशी पुढचा मोठा चटका निभावून नेतात. पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी मैत्रिणीला बोलवायला जिना पळत उतरले होते. संपादकांनी मागितलेला आनंद हा एवढाच.

पुढे भानगड आहे. कर्करोगाच्या पेशी कायम ताणात जगतात, त्यामुळे त्या ही ताण-प्रथिनं भरपूर बनवून त्यांच्या जोरावर तगून राहतात. औषध दिलं तरी मरत नाहीत. तिथे या प्रथिनांना अडवायचं असतं. मेंदूत नेमकं उलटं. वय वाढलं की मेंदूच्या पेशींना ही प्रथिनं पुरेशी बनवता येत नाहीत, गुठळ्या साचतात, आणि मग कुणाचा हात थरथरतो, कुणी नावं विसरतं, कुणाचा तोल जातो. तिथे हीच प्रथिनं वाढवायची असतात. सकाळी ज्याचा गळा धरायचा, दुपारी त्याच्याच पाया पडायचं, असा माझा दिवस असे. दोन्हींकडे निम्मं-निम्मं यश आलं, आणि निम्म्या यशाचं औषध होत नाही.

लोकांना मात्र औषधच हवं असायचं. सांगलीतले हळदीचे एक व्यापारी माझ्या वडिलांच्या ओळखीनं आले. टेबलावर हळदीची पिशवी ठेवून म्हणाले, ‘बाई, आमच्या हळदीनं कॅन्सर बरा हुतो, येवढं सही करून द्या.’ मी समजावलं, की बशीतल्या पेशी हळदीच्या अर्कानं मरतात हे खरं, पण बशीत मूठभर मीठ टाकलं तरी त्या मरतात. ते म्हणाले, ‘पर मिठाचा धंदा आपला न्हाई की.’ मी सही केली नाही. पुढे ती आमच्या संचालकांनी केली. त्या पिशवीसोबतचा त्यांचा फोटो केंद्राच्या प्रवेशद्वारात लागला आणि मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होता.

संचालक म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे पुतणे. परदेशातून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेले, गोड बोलणारे. घरचा मोठा वर्कशॉप, साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग बनवायचा. यंत्रांवर त्यांचा फार जीव होता. एवढं त्यांच्याविषयी पुरे, पुढे ते येणारच आहेत.

एक दिवस शिराळ्याजवळच्या गावातून एक निवृत्त सुभेदार मला शोधत आले. सोबत मुलगी, रेखा; ती त्यांना आन्ना म्हणायची. ती इस्लामपुरात दिलेली, अंगणवाडी सेविका, पदरात दोन मुली. सुभेदार पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालत होते. खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘दारू पीत न्हाई मी. लोकांना तसं वाटतंय म्हणून आधी सांगितलं.’

त्यांच्या वडिलांची चाल अशीच बिघडली होती आणि आजोबांचीही. आधी तोल, मग हात, मग जीभ जड, शेवटी घास गिळता येत नाही. गावात याचं कारण ठरलेलं होतं. आज्ज्यानं नांगरताना नाग मारला, त्याचा हा शाप. शिराळ्याच्या परिसरात नाग म्हणजे देवच, तेव्हा या गोष्टीला कुणी हसत नाही. घरानं तीन पिढ्या शांती केल्या होत्या.

सुभेदारांना तो हिशेब पटत नव्हता. ‘नागाला दुसरं काम न्हाई व्हय? येकाच घराच्या मागं लागून ऱ्हायलाय. आमच्या पलटणीत बी येवढी शिस्त नव्हती.’

मी सांगितलं, की मी औषध देणारी डॉक्टर नाही. ‘ते ठाव हाय,’ रेखा म्हणाली. ‘औषध देणारे समदे झाले. आता काय झालंय ते सांगणारं कोनतरी पायजे.’

रक्त तपासायला पाठवलं. अशा रोगांतले जे माहीत असलेले दोष आहेत, त्यांतला एकही निघाला नाही. मग सुभेदारांच्या दंडाच्या कातडीचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवल्या. त्यांना चटके दिले. पेशी धडधाकट, मदतनीस वेळेवर हजर. बिघाड कातडीत नव्हताच, मेंदूत होता. हे मी त्यांना सांगितलं, आणि असंही सांगितलं, की मेंदूत कोणतं प्रथिन गुठळ्या करतंय आणि मदतनीस का पुरे पडत नाहीत, हे बाहेरून दिसत नाही. मी तिथेच थांबले. पुढचं वाक्य बोलायची माझी हिंमत नव्हती.

सुभेदारच म्हणाले, ‘म्हंजे माझं डोस्कं पायजे. सरळ बोला की, डॉक्टरीणबाई.’

घरात यावरून मोठा कालवा झाला. मी तेव्हा तिथेच होते, पुढच्या सोप्यात बसलेले, हातात चहाचा कप घेऊन. सुभेदारांचे धाकटे भाऊ, घरात सगळे तात्या म्हणायचे, ते माझ्याकडे न बघता बोलत होते. ‘आवं दादा, अर्धवट माणसाला अग्नी देत्यात का कवा? पुढं त्याचं काय हुतंय, इचार केलाय का?’

सुभेदारांची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती. सावकाश म्हणाले, ‘बॉर्डरवरनं आमच्या पोरांची पोती आली हुती. आत कुणाचं काय हाय ते आमालाच ठाव न्हवतं. त्यांना अग्नी दिलाच की गावानं. बँड लावून. तवा कोन बोललं?’

तात्या उठून गोठ्याकडे गेले. रेखा माझ्याशेजारी बसली आणि हळूच विचारलं, ‘बाई, माझ्या पोरींना हुनार का न्हाई, ते कळंल का यातनं?’

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, आधी रोगाचं नाव कळेल. नाव कळलं तर मुलींची तपासणी करता येईल. बरं करता येईल असं मी म्हणत नाही.

‘नाव तरी कळंल,’ ती म्हणाली. ‘नागाचं नाव निघंल घरातनं. ते बी लय झालं.’

सुभेदार गेले तेव्हा रेखानं पहिला फोन मला केला, भावकीला नंतर. मेंदू काढायचा तर काही तासांतच काढावा लागतो. गाडी ठरवलेली होती, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातले माझे सहकारी तयार होते. काम झाल्यावर त्यांनी टाके घालून डोकं नीट केलं, वर फेटा बांधला, आणि देह दुपारच्या आत गावात परत पोचला. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण सगळ्यांना माहीत होतं. अग्नी द्यायला तात्या पुढे आले नाहीत. रेखानं दिला. त्या दिवसापासून तात्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि माहेरचं दार तिला निम्मं बंद झालं.

मेंदूचे आम्ही दोन भाग केले. एक फॉर्मॅलीनमध्ये. त्यातली चकती सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. दुसऱ्याचे तुकडे करून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले, कारण फॉर्मॅलीनमध्ये सगळं जागच्या जागी घट्ट होऊन जातं आणि प्रथिनं सुटी करून तपासता येत नाहीत. त्यासाठी गोठवलेलाच लागतो.

फॉर्मॅलीनच्या चकत्यांत गुठळ्या दिसल्या. आणि त्या गुठळ्यांतच ताण-प्रथिनं अडकलेली दिसली. मदतीला आलेलीच तिथे खिळून राहिली होती. एवढ्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. कोणतं प्रथिन कुणाला धरून बसलंय हे ओळखायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. त्यासाठी निधी मागणारा प्रकल्प दिल्लीला पाठवला. तोपर्यंत गोठवलेल्या तुकड्यांपैकी निम्मे दुसऱ्या संस्थेच्या फ्रीझरमध्ये ठेवावेत, सगळं एका जागी नको, असा लेखी अर्ज मी संचालकांना दिला. ‘संस्थेची मालमत्ता बाहेर जाणार नाही,’ असं उत्तर आलं. सुभेदारांचा मेंदू संस्थेची मालमत्ता झाल्याचं मला असं कळलं.

आता खंडेनवमी. आमच्या भागात दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा करतात. विळा, कोयता, नांगराचा फाळ, लेथ, ट्रॅक्टर, जे पोट भरतं ते सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी त्याला विसावा द्यायचा. पूजेला मांडलेलं अवजार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. मला ही रीत फार आवडते. प्रयोगशाळेतही आम्ही दर वर्षी सूक्ष्मदर्शकाला, तराजूला फुलं वाहायचो. फ्रीझरलाही झेंडूचा हार घालायचो, पण तो चालू ठेवून. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, ‘कधीही बंद करू नये’.

त्या वर्षी नवमीच्या दिवशी मी दिल्लीत होते. त्याच प्रकल्पाची मुलाखत होती. समितीसमोर सुभेदारांच्या मेंदूची चित्रं पडद्यावर दाखवत होते. समितीतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, ‘नमुना सुरक्षित आहे ना?’ मी म्हटलं, ‘पूर्णपणे.’

इकडे संचालकांनी पहिल्यांदाच पूजा स्वतःच्या हातात घेतली होती. अध्यक्ष येणार, फोटो निघणार. त्यांच्या वर्कशॉपमध्ये नवमीला मेन स्विच बंद करून त्याचीच पूजा करतात. तसंच इथेही झालं. मेन स्विच खाली, जनरेटरलाही कुंकू लावून विसावा. कुणीतरी म्हटलं म्हणे, की मॅडमचा फ्रीझर चालू लागतो. संचालक म्हणाले, ‘वर्षभर राबतोय बिचारा. एक दिवस त्यालाही आराम नको?’ सगळे हसले. पाटीवर झेंडूचं तोरण लावलं होतं, कारण फोटोत पाटी बरी दिसत नव्हती.

एका दिवसाचे दोन दिवस झाले, कारण दसऱ्याला सुट्टी आणि स्विच दसऱ्याचं सोनं लुटून झाल्यावरच उचलायचा. फ्रीझरचा भोंगा बॅटरीवर असतो, तो वाजायला लागला. वॉचमननं संचालकांना फोन केला. ‘बाजूला लाल बटण आहे, ते दाब, गप्प बसेल,’ असं उत्तर मिळालं. त्यानं दाबलं. गप्प बसला.

मी स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत आले. फ्रीझरखाली पाणी होतं, त्यात कुंकू उतरून लाल ओहोळ दारापर्यंत आला होता. आत डबीतले तुकडे हाताला मऊ लागले. परत गोठवून उपयोग नव्हता. वितळताना मेंदूतली प्रथिनं तुटतात, विस्कटतात, एकमेकांना चिकटतात. आम्ही ज्या गुठळ्या सोडवून बघणार होतो, त्यांतल्या रोगाच्या कोणत्या आणि फ्रीझरच्या कोणत्या, हे आता जगातल्या कुठल्याही यंत्राला सांगता आलं नसतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. रागानं रडले. लाज वाटायचं काही कारण नव्हतं.

संचालक आले. चेहरा खरोखर पडला होता, हे मान्य करते. म्हणाले, ‘सॉरी मॅडम. पण दुसरा मिळेल ना? आता इतकी जागृती झालीय देहदानाची.’

मी म्हटलं, ‘या घरात असा आजार झालेला आज जिवंत माणूस कुणी नाही.’

‘मग थांबावं लागेल थोडं,’ ते म्हणाले.

चौकशी समिती बसली. ‘विद्युतपुरवठ्यातील व्यत्यय’ असं ठरलं. संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि सांगितलं, की त्या घरी कळवायची घाई करू नये, त्यांना त्यातलं कळणार नाही, उगाच संस्थेची बदनामी. ‘निवृत्ती जवळ आलीय, मॅडम. गोड शेवट करा.’ दिल्लीहून प्रकल्प मंजूर झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. नमुना नष्ट झाल्याचं कळवून मी प्रकल्प परत केला. संस्थेनं त्याबद्दल मला ताकीद दिली.

रेखाकडे मी गेलेच. इस्लामपूरला तिच्या घरी, अंगणवाडी सुटल्यावर. काहीही न लपवता सांगितलं, हार, स्विच, बटण, सगळं. ती ऐकत होती. मध्ये एकदा उठून मुलींना बाहेर खेळायला लावलं. परत आली आणि म्हणाली, ‘म्हंजे पूजा केली त्यांनी आन्नांची.’

मी ‘हो’ म्हटलं.

‘तात्या काय म्हनंल आता? येवढं करून काय मिळालं, असंच म्हनंल. आणि मी काय सांगू त्याला?’ मग तिनं पाणी आणलं. ठेवताना तांब्या तिच्या हातून स्टुलाच्या कडेला दोनदा आपटला आणि पाणी सांडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहत होते हे तिला कळलं.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘पावसाळ्यापासनं. घरात कुणाला सांगितलं न्हाई. तुमीच बघा आता. आन्नांचं गेलं, माझं हाय की. माझं घ्या.’

आयुष्यभर मी माणसांकडे काही ना काही मागत फिरले. रक्त, कातडी, गाठीचे तुकडे. आणि ती आपणहून देत असताना मी म्हणाले, ‘देऊ नकोस, रेखा. आमच्याकडे देऊ नकोस. आमची लायकी नाही.’

ती भडकली. एवढ्या वर्षांत तिला मी भडकलेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘तुमच्या लायकीचं कोन इचारतंय? मी तुमाला देत न्हाई. तुमच्या संस्थेला बी देत न्हाई. माझ्या पोरींसाठी देतीय. कुठं ठेवायचं ते तुमी बघायचं. ते तुमचं काम हाय.’

ते माझंच काम आहे. तेव्हापासून तेच करते आहे. मोठ्या शहरांत मेंदू जतन करायची सोय आहे, पण मृत्यूनंतर तिथे वेळेत पोचवायचा तर इस्लामपुराहून रस्ता फार लांब पडतो. जवळपासच्या संस्थांकडे मी जाते. माझ्या नावापुढे आता ‘निवृत्त’ लागतं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसवतात. मी प्रत्येकाला एकच विचारते, खंडेनवमीला तुमच्याकडे काय करतात? बहुतेकांना प्रश्न कळत नाही. एकानं कौतुकानं सांगितलं, ‘आमच्याकडे सगळं अगदी साग्रसंगीत होतं, बाई.’

रेखानं गेल्या महिन्यात अंगणवाडीचं काम सोडलं. फोनवर बोलते, पण शब्द जड येतात, मला दोनदा विचारावं लागतं. एक वाक्य मात्र ती दर वेळी स्पष्ट म्हणते. ‘जागा मिळाली का, बाई?’

अजून मिळालेली नाही.